सर्व्होमोटर : यंत्रांतील जागता चाकर

आपल्या घरांत येणारी वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करते, हें आपण शाळेंत शिकलां असाल. सायंकाळीं लाखों घरांत दिवे एकदम लागतात, आगगाड्यांची वर्दळ वाढते, मध्यरात्रीं निम्में शहर झोंपीं जातें. तरीहि हा पन्नासाचा आंकडा फारसा ढळत नाहीं. तो ढळूं न देण्याच्या कामीं कोणता चाकर राबतो, आणि त्याच जातीचा दुसरा चाकर आज आपल्या कारखान्यांतील बारीकसारीक कामें कशीं करतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या चाकराचें नांव सर्व्होमोटर. नांव परकें खरें. परंतु त्याच्या घराण्यांतील एक वडीलधारी असामी आमच्या मुळशी तालुक्याच्या पाण्यावर जवळजवळ शंभर वर्षें राबत आली आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतों.

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यालगत, मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीनें बांधलेलें मुळशीचें धरण आहे. मुळा ही पूर्वेकडे वाहणारी नदी. परंतु येथें अडविलेलें तिचें पाणी डोंगरांतून पश्चिमेस वळवून, पोलादी नळांनीं सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत, रायगड जिल्ह्यांतील भिरा येथें उतरविलें आहे. तेथील वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. वीज निर्माण करून मोकळें झालेलें हें पाणी पुढें कुंडलिका नदीस मिळतें. कोलाडच्या बाजूस हौशी मंडळी ज्या खळाळत्या प्रवाहांत रबरी होड्या हांकतात, तो प्रवाह या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यावरच अवलंबून असतो.

पांचशें मीटर उंचीच्या दाबाखालचें पाणी नळाच्या तोंडांतून बाहेर पडतें तेव्हां, घर्षणाची तूट सोडली तर, त्याचा वेग सेकंदास सुमारें शंभर मीटर, म्हणजे ताशीं साडेतीनशें किलोमीटरांच्या घरांत असतो. ही धार पेल्टन चक्राच्या कडेस बसविलेल्या वाट्यांवर आदळते आणि चक्र फिरतें. त्या चक्राबरोबर विजेचें जनित्र फिरतें. आतां समजा, विजेची मागणी एकाएकीं वाढली. जनित्रावरील भार वाढतो आणि चक्र मंदावूं लागतें. मागणी एकाएकीं तुटली तर उलट प्रकार होतो; चक्र उधळतें, आणि त्यास कोणी आवरलें नाहीं तर तें नेहमीच्या गतीच्या जवळजवळ दुपटीस जाऊन पोहोंचूं शकतें. तेव्हां मागणीप्रमाणें धार जाड किंवा बारीक करणारा कोणीतरी क्षणोक्षणीं हजर पाहिजे.

नळाच्या तोंडांत भाल्याच्या फाळासारखा एक दांडा मागेंपुढें सरकतो आणि धारेची जाडी त्यावर ठरते. पाण्याच्या दाबाविरुद्ध हा दांडा हलविण्यास मोठें बळ लागतें. उलटपक्षीं, चक्राची गति मोजणारें उपकरण अगदीं नाजूक असतें. जेम्स वॉट यानें १७८८ च्या सुमारास वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. गति वाढली कीं हे गोळे बाहेर फांकत आणि वाफेची झडप ढकलीत. परंतु पाण्याच्या प्रचंड दाबापुढें अशा गोळ्यांचा काय पाड? म्हणून मध्यें एक बलवान् मध्यस्थ घातला. नाजूक उपकरण फक्त एक लहानशी झडप किंचित् उघडतें. त्या झडपेंतून दाबाखालचें तेल एका नळकांड्यांत शिरतें, आंतील दट्ट्यास रेटतें आणि दट्ट्या तो जड दांडा हलवितो. खरी खुबी यापुढेंच आहे. दट्ट्या जसजसा सरकतो, तसतशी त्यास जोडलेली एक तरफ तीच झडप परत मिटवीत आणते. हवें तितकें सरकणें झालें कीं तेल आपोआप थांबतें. या तेलाच्या मध्यस्थासच सर्व्होमोटर म्हणतात.

येथें आणखी एक पेंच आहे. भार तुटला म्हणून धार झटक्यानें बंद केली, तर मैलभर नळांतून धांवत येणारें पाणी एकदम अडून नळावर घणासारखा आघात करील आणि नळ फुटेल. यासाठीं प्रथम एक पातें धारेंत आडवें येऊन तिला चक्रापासून बाजूस वळवितें, आणि मागाहून तो दांडा सावकाश धार मिटवितो. म्हणजे या चाकराला केवळ चपळाई पुरत नाहीं; कोठें घाई करावी व कोठें दम धरावा, हेंहि त्याच्या रचनेंत बसवावें लागतें. आज साऱ्या देशाचें विजेचें जाळें एक झालें आहे. ३१ डिसेंबर १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१३ सालच्या त्याच दिवशीं दक्षिणेचें जाळेंहि त्यास येऊन मिळालें. त्यामुळें पन्नासाचा आंकडा संभाळण्याचें श्रेय एकट्या भिऱ्याचें नसून, अशा असंख्य नियामकांचें आहे.

'सर्व्हो' हा शब्द लॅटिनमधील 'सर्व्हस', म्हणजे गुलाम, या शब्दावरून आला. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्यानें १८७३ सालीं जहाजांच्या सुकाणूंविषयीं लिहितांना तो रूढ केला. मोठ्या आगबोटीचें सुकाणू माणसांच्या हातांना आवरत नसे. फार्कोच्या योजनेंत कप्तान लहानसें चाक फिरवी, वाफेचें एंजिन सुकाणू वळवी, आणि सुकाणू चाकाइतकेंच वळलें कीं एंजिन थांबे. हुकूम हलक्या हाताचा, बळ वाफेचें, आणि थांबण्याची अक्कल यंत्राच्या जोडणींत.

आतां यांतील तत्त्व वेगळें काढून पाहूं. आपल्याकडे 'सांगकाम्या' हा शब्द आहे. सांगितलें तेवढें करावयाचें, तें झालें कीं नाहीं हें पाहावयाचें नाहीं, असा हा इसम. दहा पावलें चाल म्हटलें तर मध्यें भिंत आली तरी तो जागच्या जागीं पाय आपटून दहा मोजील. यंत्रांतहि असे सांगकामे आहेत. एक मोटर ठराविक ठोक्यांनीं पाऊल पाऊल फिरते. तिला दोनशें ठोके दिले कीं एक फेरा व्हावा, अशी योजना असते. परंतु भार अधिक होऊन एखादें पाऊल चुकलें, तर तिला त्याचा पत्ता नसतो आणि पुढचीं सर्व कामें तेवढ्या अंतरानें सरकतात. सर्व्होमोटर यापेक्षां वेगळी. तिच्यापाशीं तीन गोष्टी असतात : काय व्हावें याचा हुकूम, काय झालें याची परत आलेली खबर, आणि या दोहोंतील तफावत. तफावत शून्य होईपर्यंत ती स्वस्थ बसत नाहीं. परत येणाऱ्या या खबरेस शास्त्रीय परिभाषेंत 'प्रत्याभरण' म्हणतात. सर्व्होचा सारा प्राण या परतीच्या खबरेंत आहे.

पुण्याहून पौड रस्त्यानें मुळशीकडे येतांना पिरंगुट लागतें. या बाजूस गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांतील कातकामाच्या यंत्रांत, बाटल्या भरणाऱ्या व पुडे बांधणाऱ्या यंत्रांत, आणि पोलादी हाताप्रमाणें वळणाऱ्या यंत्रमानवाच्या प्रत्येक सांध्यांत विजेवर चालणारी सर्व्होमोटर असते. तिचें काम तीन भागांत समजून घेतां येईल.

पहिला भाग खुद्द मोटर. तिच्या फिरत्या भागावर बळकट कायमचे चुंबक बसविलेले असतात, आणि बाहेरच्या स्थिर भागांत तांब्याच्या तारेचीं तीन वेटोळीं असतात. वेटोळ्यांतील प्रवाह क्रमानें बदलत गेला कीं चुंबकीय क्षेत्र फिरतें आणि चुंबक त्याच्यामागें खेंचले जातात. फिरता भाग हलका ठेवलेला असल्यानें ती क्षणांत वेग घेते व क्षणांत थांबते. थोड्या वेळापुरता नेहमीच्या सुमारें तिप्पट जोरहि अशी मोटर देऊं शकते. मात्र तो जोर सतत मागितला, तर ती तापते, आणि फार तापल्यास चुंबकांचें चुंबकत्व कायमचें उणावतें.

दुसरा भाग एन्कोडर, म्हणजे मोटरीच्या शेपटीस बसविलेला डोळा. एका लहान चकतीवर अतिशय बारीक रेघा असतात; एका बाजूनें प्रकाश टाकतात आणि दुसऱ्या बाजूस तो किती वेळां अडला हें मोजतात. चकतीवर २,५०० रेघा असतील, तर मोजण्याच्या युक्तीनें एका फेऱ्याचे १०,००० भाग पाडतां येतात. ही मोटर ज्या आट्याच्या दांड्यास फिरविते, त्याच्या एका फेऱ्यांत टेबल पांच मिलिमीटर सरकत असेल, तर एक भाग म्हणजे मिलिमीटराचा दोन हजारावा हिस्सा झाला. माणसाचा केंस याच्या शंभरपटींहून अधिक जाड असतो. आजच्या कित्येक एन्कोडरांत तर एका फेऱ्याचे दहा लाखांवर भाग पाडतात.

तिसरा भाग ड्राइव्ह. भिंतीवर टांगलेली ही पेटी म्हणजे चाकराचा मेंदू आणि मनगट दोन्ही. ती येणाऱ्या विजेचा आधीं एकदिश प्रवाह करते. मग सेकंदास हजारों वेळां उघडझांप करणाऱ्या विद्युत्-कळांनीं हवा तसा प्रवाह तीन वेटोळ्यांस पुरविते. तिच्या पोटांत एकांत एक अशीं तीन चक्रें चालतात. सर्वांत आंतलें चक्र प्रवाह, म्हणजे फिरविण्याचा जोर, संभाळतें. मधलें गति संभाळतें. आणि बाहेरचें जागा संभाळतें. बाहेरचा सांगतो, 'अमुक जागीं जा'. मधला सांगतो, 'तर मग इतक्या वेगानें'. आंतला म्हणतो, 'तर मग इतक्या जोरानें'. प्रत्येक जण आपापली तफावत पाहून दुसऱ्यास हुकूम देतो.

परंतु तफावत दिसली कीं जोर लावावा, एवढ्यानें भागत नाहीं. सायकल शिकणारा मुलगा आपण पाहिला असेल. तोल गेल्याचें त्यास उशीरा कळतें. कळतांच तो घाबरून हँडल भलतेंच फिरवितो. मग तोल दुसऱ्या बाजूस जातो आणि सायकल रस्ताभर नागमोडी जाते. खबरेस उशीर आणि उपायाचा अतिरेक, हे दोन दोष एकत्र आले कीं यंत्रहि असेंच हेलकावे खातें, गुणगुणूं लागतें, आणि प्रसंगीं आपलेच सांधे मोडून घेतें. उलट, उपाय फारच मवाळ असला तर तें सुस्त राहून हुकुमाच्या मागें रेंगाळतें. म्हणून सर्व्होची जुळवणी करणारा कारागीर तीन गोष्टींचा तोल साधतो : तफावतीच्या मानानें आत्तां किती जोर लावावा, लहानशी तफावत फार वेळ टिकली तर तिची आठवण ठेवून किती जोर वाढवावा, आणि तफावत झपाट्यानें कमी होत असेल तर आधींच हात किती आवरावा. वर्तमान, भूत आणि भविष्य या तिहींकडे लक्ष देणारा हा हिशेब आहे. सायकल अंगवळणीं पडलेला पुणेकर तो न मांडतांच सोडवितो.

हें इतकें गुणी यंत्र सर्वत्र कां वापरीत नाहींत, असें कोणी विचारील. कारण गरज नसते. पिठाच्या गिरणीस किंवा विहिरीवरील पंपास साधी मोटर पुरते. भार वाढून ती किंचित् मंदावली म्हणून दळण बिघडत नाहीं. सर्व्हो महाग, तिचीं अंगें नाजूक, आणि तिची निगा राखणारा माणूस जाणता हवा. जेथें ठराविक जागीं, ठराविक क्षणीं, पुनःपुन्हां तेंच काम अचूक व्हावयाचें असतें, तेथेंच ती शोभते.

ज्या घरांतील मुलें अशा यंत्रांवर काम करूं लागलीं आहेत, त्यांच्या वडीलमंडळींस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. साधी मोटर थांबली म्हणजे थांबली. सर्व्होमोटर स्तब्ध दिसत असतांनाहि बहुधा जागी असते. ती जागा धरून उभी असते, आणि हुकूम येतांच डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत निघते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, यंत्र थांबलें आहे अशा समजुतीनें, अडकलेला तुकडा काढण्यास आंत हात घातला. त्याच्या उजव्या हाताचें एक पेर गेलें. कारखान्याचें नांव घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं. वीज तोडून, कळीस कुलूप घालून, किल्ली आपल्या खिशांत ठेवल्याखेरीज आंत हात घालूं नये. वीज तोडल्यावरहि ड्राइव्हच्या कंडेन्सरांत जीवघेणा भार कांहीं मिनिटें टिकतो. पेटीवर लिहिलेला वेळ जाऊं दिल्याशिवाय ती उघडूं नये. आणि वरखालीं चालणाऱ्या भागाची वीज तोडल्यास, ब्रेक धड नसेल तर तो भाग स्वतःच्या वजनानें खालीं येतो, हेंहि ध्यानांत असावें.

आतां या चाकराच्या मर्यादा सांगतों. कारण माझ्या मतें त्या समजल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाहीं. पहिली मर्यादा अशी कीं, तो हुकुमाप्रमाणें न झाल्याची चूक दुरुस्त करतो. हुकुमांतील चूक त्यास दिसत नाहीं. कारागिरानें माप चुकीचें लिहिलें, तर तो हजार नग मिलिमीटराच्या शतांशापर्यंत तंतोतंत चुकीचे कापून देईल. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. त्याला जेथून खबर मिळते, तेवढेंच जग तो जाणतो. एक मीटर लांबीचा पोलादी दांडा एका अंशानें तापला कीं मिलिमीटराच्या सुमारें बारा सहस्रांशांनीं वाढतो. एन्कोडर मोटरीच्या शेपटीस आहे, दांडा पुढें आहे. दांडा वाढला तरी एन्कोडर 'सर्व ठीक' असेंच कळवीत राहतो, आणि माल बिघडत जातो. म्हणून उत्तम यंत्रांत मोजपट्टी थेट सरकत्या टेबलावरच बसवितात. जेथें परिणाम घडतो, तेथूनच खबर आली पाहिजे.

यंत्रांमुळें माणसांचें काम जाणार काय, या प्रश्नाचें थोडेंसें उत्तर येथेंच मिळतें. हातानें चाक फिरवून, कान व बोटें यांच्या अंदाजानें धातु कापणाऱ्या जुन्या लेथवाल्याचें पुष्कळसें काम सर्व्होनें घेतलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं; त्याची झळ कांहीं घरांना लागली आहे. परंतु हुकूम नीट ठरविणें, आणि खबर योग्य जागेवरून येते कीं नाहीं हें पारखणें, हीं दोन कामें माणसाकडेच राहिलीं, किंबहुना तीं अधिक जबाबदारीचीं झालीं. त्यांस गणित लागतें, मापनाची शिस्त लागते, आणि धातूच्या स्वभावाची ओळखहि लागते. त्या जुन्या कारागिरास ती ओळख होती. ती वाया घालवूं नये, नव्या यंत्रावर त्यालाच बसवावें, असें मला वाटतें.

आणि मुळशीचा रहिवासी म्हणून आणखी एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. भिऱ्याच्या नियामकाला एकच खबर मिळते : चक्राची गति किती. तिच्यावर तो आपलें काम चोख करतो, आणि त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु धरण बांधावें काय, किती उंच बांधावें, पाणी कोणासाठीं वळवावें, हे हुकूम माणसांनीं दिले होते. या धरणाखालीं आपलीं घरें व भाताचीं खाचरें बुडणार, म्हणून मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला; पुष्कळांनीं तुरुंगवास भोगला. धरण झालें, गिरण्यांस व शहरास वीज मिळाली, गांवें पाण्याखालीं गेलीं. वीज किती निर्माण झाली याची खबर रोज मोजली गेली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याकडून येणारी खबर मात्र हुकूम देणाऱ्यांच्या हिशेबांत शिरली नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, पुढें केव्हां एखाद्या कारखान्यांत यंत्राचा हात बिनचूक हालचाल करतांना दिसला, तर त्याच्या चपळाईचें कौतुक अवश्य करावें. आणि त्याबरोबर जवळच्या कारागिरास दोन प्रश्न विचारावेत : याला हुकूम कोण देतो, आणि याची खबर कोठून येते? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्यास नीट देतां येतात, त्याला सर्व्होमोटर समजली असें खुशाल मानावें.